पंखा बंद करून

मे महिन्यातली दुपार. हैदराबादच्या काचीगुड्यात तिसऱ्या मजल्यावरची दहा बाय बाराची खोली. खिडकीवर दोन गोधड्या टांगलेल्या, दाराखालच्या फटीत जुना टॉवेल कोंबलेला आणि पंखा बंद. गाणाऱ्या मुलाच्या कानशिलावरून घाम ओघळून हेडफोनच्या गादीत मुरतोय. लॅपटॉपपाशी बसलेला मुलगा बोट वर करतो, सगळे श्वास धरतात. दुसऱ्या कडव्याच्या तोंडाशी स्वयंपाकघरातून काकूंची हाक येते, "कुकर लावू का रे आता? सकाळपासून थांबलेय मी." टेक गेला. कुणी चिडत नाही. पंखा लागतो, माठातलं पाणी फिरतं आणि ड्रम वाजवणारा तेलुगू मुलगा सांगतो, "काकू, बस एकच अजून. पक्का." त्याचं मराठी याच ओट्यापाशी तयार झालंय.

त्या खोलीत मी चार दुपारी बसलो. ही मुलं तेलुगू, दखनी आणि मराठीत गातात. अल्बम अजून बाहेर आलेला नाही, म्हणून बँडचं नाव इथे देत नाही. पण गेली काही वर्षं मनात घोळत असलेली एक गोष्ट त्यांच्याकडे बसून पक्की झाली. घरच्या रेकॉर्डिंगमुळे स्टुडिओचं भाडं वाचलं, आणि भाड्याबरोबर घड्याळही गेलं. तासावर पैसे मोजणारा बँड तालीम पक्की करूनच स्टुडिओची पायरी चढायचा. घरी तास फुकट असतात, त्यामुळे तालीम रेकॉर्डिंगच्या वेळीच उरकली जाते आणि राहिलेली कसर माउसनं भरून काढतात. घरी केलेले बरेचसे अल्बम मला दुसऱ्यांदा लावावेसे वाटत नाहीत. त्याला स्वस्त माइक जबाबदार आहे, असं मला वाटत नाही. तालीम कमी पडते, ते ऐकू येतं.

हैदराबादेत आवाजाच्या धंद्याला तोटा नाही. तेलुगू सिनेमा मद्रासहून हळूहळू इकडे सरकला, १९७६ मध्ये अन्नपूर्णा स्टुडिओ उभा राहिला, पुढे रामोजी फिल्म सिटी आली. आज कृष्णानगर, युसूफगुड्याच्या गल्ल्यांत डबिंगची दुकानं आहेत. पण ही सगळी व्यवस्था सिनेमाच्या सोयीनं बांधलेली आहे. डबिंगचा बूथ एका माणसाच्या एका आवाजासाठी असतो. तिथे ड्रमचा संच मावत नाही, आणि चौघांनी एकमेकांच्या डोळ्यांत बघत वाजवायचं म्हटलं तर जागाच नसते. म्हणून इथले बँड गाण्याचा आवाज एखाद्या बूथमध्ये घेतात, गिटार घरी घेतात आणि ड्रम संगणकात टाइप करतात. तीन ठिकाणी, तीन दिवशी केलेलं वादन एकत्र शिवलं जातं. कानाला ती शिवण जाणवते.

तरीही या शहरानं स्वतंत्र संगीतात काही खणखणीत गोष्टी दिल्या आहेत. 'चौरस्ता' हा बँड घ्या. तेलुगू लोकगीताची बोली आणि रेगेची चाल त्यांनी इतक्या सहज एकत्र आणली की ऐकणाऱ्याला जोड शोधावा लागतो. मार्च २०२० मध्ये, टाळेबंदीच्या तोंडावर, हात मिळवू नका असं सांगणारं त्यांचं गाणं घरोघरी पोचलं. त्यांच्या गाण्यांत मला जे मोलाचं वाटतं ते हे, की गाणं रेकॉर्डिंगच्या आधीच उभं असतं. एक गिटार आणि एक गळा एवढ्यावर ते तरतं. दुसऱ्या टोकाला 'गॉडलेस' हा डेथ मेटल बँड. २०१६ ची 'सेंच्युरीज ऑफ डेकडन्स', २०१८ ची 'स्वॉर्म' आणि २०२१ चा पूर्ण लांबीचा 'स्टेट्स ऑफ केऑस' असा त्यांचा प्रवास आहे. हे संगीत सगळ्यांना रुचणार नाही, मलाही सकाळी सकाळी झेपत नाही. पण पाच वर्षांत एका बँडनं आपला आवाज कसा घट्ट करत नेला, हे ऐकायचं असेल तर या तीन तबकड्या ओळीनं ऐकाव्यात. आणि मग रुहान अर्शदचं 'मियाभाई'. कोट्यवधी वेळा पाहिलं गेलेलं ते दखनी रॅप ध्वनीच्या दृष्टीनं अगदी साधं आहे. गाणं तरलं ते भाषेवर. जुन्या शहराच्या नाक्यावरची बोली तिच्या ठसक्यासकट आली, आणि लोकांनी ती उचलून धरली.

या यशाची दुसरी बाजूही सांगायला हवी. 'चौरस्ता'चा राम मिरियाला २०२१ मध्ये 'जातिरत्नालू'तल्या 'चिट्टी' गाण्यानं घराघरांत गेला, पुढच्या वर्षी 'डीजे टिल्लू'नं. राहुल सिपलिगंज यूट्यूबवर स्वतःची गाणी टाकत होता. मार्च २०२३ मध्ये तो ऑस्करच्या मंचावर 'नाटू नाटू' गात होता. दोघांचंही मनापासून कौतुक आहे. मात्र या शहरात स्वतंत्र गाणं हे सिनेमाकडे जाणाऱ्या जिन्याची पायरी ठरतं आणि बँडचा दुसरा, तिसरा अल्बम मागे पडतो. पहिल्या अल्बममध्ये बँड आपलं साठवलेलं सगळं ओततो. स्वतःची वाट त्याला दुसऱ्या-तिसऱ्यात सापडते. तिथवर पोचणारे थोडे.

घरात किंवा घरासारख्या खोलीत ध्वनिमुद्रण करणं नवीन नाही. १९०२ मध्ये ध्वनिमुद्रक फ्रेड गेसबर्ग कलकत्त्याला आला तेव्हा हॉटेलच्या खोल्यांचाच स्टुडिओ केला होता. तिथे गौहर जान भोंग्यासमोर गायल्या. तबकडीवर तीन मिनिटांच्या आसपास जागा. तासभर चालणारी बैठक त्या तीन मिनिटांत कशी बसवायची, काय ठेवायचं, काय सोडायचं, हे त्यांनी भोंग्यासमोर येण्याआधी ठरवलेलं असणार. शेवटी त्या आपलं नाव पुकारत, कारण तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जात आणि तिथल्या माणसाला कुणाचं गाणं हे कळायला हवं. बंधनातून गाण्याला आकार येतो, हे त्या तबकड्या ऐकताना आजही कळतं.

ऐंशी वर्षांनी अमेरिकेत तेच घडलं. जानेवारी १९८२ मध्ये ब्रूस स्प्रिंगस्टीननं न्यू जर्सीतल्या आपल्या घरी, झोपायच्या खोलीत, टिॲकच्या चार ट्रॅकच्या कॅसेट यंत्रावर गाणी भरली. दोन साधे शुअर माइक, थोडा एको, बस. हेतू एवढाच की बँडला चाली कळाव्यात. नंतर मोठ्या स्टुडिओत पूर्ण बँड घेऊन तीच गाणी करून पाहिली, पण कॅसेटमधलं काहीतरी तिथे उतरेना. अखेर तीच कॅसेट त्या वर्षी 'नेब्रास्का' या नावानं प्रसिद्ध झाली. घरच्या रेकॉर्डिंगची बाजू घेणारे सगळे हा दाखला देतात, मीही देतोय. पण त्यातली एक गोष्ट निसटते. चार ट्रॅक म्हणजे चारच. पाचवं वाद्य घालायचं तर आधीचे दोन एकत्र मिसळावे लागत, आणि मिसळलं की परत फिरता येत नसे. आज काचीगुड्यातल्या लॅपटॉपवर ट्रॅकची संख्या अमर्याद आहे आणि प्रत्येक निर्णय मागे घेता येतो. निर्णयच न घेण्याची मुभा गाण्याला फार महागात पडते.

आता खर्चाचं. दोन माइक लावता येतील असा बरा इंटरफेस पंधरा-वीस हजारांत येतो. शुअरचा एक दणकट डायनॅमिक माइक दहा हजारांच्या आसपास. कंडेन्सर माइक घेतला तर त्याला ४८ व्होल्टचा पुरवठा लागतो, तो इंटरफेसमधूनच मिळतो. 'रीपर'सारखं सॉफ्टवेअर साठ दिवस वापरून बघता येतं आणि नंतर साठ डॉलरमध्ये अधिकृत होतं. लॅपटॉप घरी असतोच. म्हणजे चौघांनी वर्गणी काढली तर एका मोटारसायकलच्या निम्म्याहून कमी पैशांत अल्बमचं सामान उभं राहतं. ही फार मोठी गोष्ट आहे आणि ती मोठीच राहिली पाहिजे. एखाद्या मुलीला गाणं सुचलं आणि तिच्या बापाकडे स्टुडिओचे पैसे नाहीत म्हणून ते वाया गेलं, असं आता व्हायला नको.

पण सामानापेक्षा खोली मोठी असते, आणि हे आपल्याकडे कुणी नीट सांगत नाही. जुन्या घरांत शहाबादी फरशी, नव्या फ्लॅटांत चकचकीत टाइल्स, चारी बाजूंना गिलाव्याच्या भिंती. टाळी वाजवली की झणझण परत येते. त्यावर उपाय म्हणून अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवलेल्या खोल्या मी पाहिल्या आहेत. त्यांनी खालच्या स्वरांचं काहीही होत नाही, धूळ मात्र साठते. खरी अडचण खालीच असते. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये दहा फुटांचं अंतर असेल, तर साधारण छप्पन-सत्तावन हर्ट्झचा स्वर तिथे घुमतो. बेस गिटारची मोकळी 'ए' तार पंचावन्न हर्ट्झवर बोलते. म्हणजे बेस वाजवणारा त्या तारेवर आला की खोलीही त्याच्याबरोबर गाऊ लागते. मिक्सिंग करणाऱ्याला वाटतं बेस जास्त झाला, तो खाली ओढतो. मग तेच गाणं मित्राच्या गाडीत लावलं की बेस गायब. ही मुलं महिनाभर या चक्रात फिरत होती. शेवटी त्यांनी कोपऱ्यांत जाड गाद्या उभ्या केल्या, स्पीकर भिंतीपासून पुढे ओढले आणि बेसचा अंदाज हेडफोनवर घ्यायला सुरुवात केली. गाणं ताळ्यावर आलं.

असाच दुसरा शत्रू म्हणजे घरातली वीज. आपल्याकडची वीज पन्नास हर्ट्झची, अर्थिंग कच्चं असलं की तेवढ्याच स्वराची गुणगुण गिटारच्या आवाजाखाली सतत राहते. या मुलांना तिचं मूळ सापडेना. एके दिवशी वीज गेली, लॅपटॉप बॅटरीवर चालत राहिला आणि खोलीत पहिल्यांदा खरी शांतता झाली. तेव्हापासून गिटारचा टेक घेताना चार्जर काढून ठेवतात. शाळेत हे कुणी शिकवत नाही.

सगळ्यात दुबळी जागा ड्रमची. ड्रमचा संच नीट घ्यायचा तर सात-आठ माइक, उंच छत आणि तक्रार न करणारे शेजारी लागतात. यांतलं काहीच नसल्यानं बहुतेक घरगुती अल्बमांत ड्रम प्रोग्राम केलेले असतात. त्यात गैर काही नाही. पण प्रोग्राम करताना प्रत्येक ठोका संगणकाच्या चौकटीत बरोबर रेघेवर बसवला जातो. हैदराबादी तालाला तिथे धक्का बसतो. इथल्या लग्नाच्या वरातीतला मर्फा ऐका. बारकसच्या चाऊश लोकांबरोबर येमेनहून आणि सिद्दींबरोबर आफ्रिकेतून आलेला हा ताल इथलाच होऊन गेला आहे. डफ, ढोल, पातेल्याच्या आकाराचा मर्फा, लाकडी काठ्या. त्यात दुसरा ठोका किंचित मागे रेलतो आणि त्या रेलण्यातच सगळी मजा असते. बोनालूच्या मिरवणुकीत वाजणाऱ्या तीनमारचंही तसंच. गेल्या काही वर्षांत कितीतरी बँडांनी आपल्या गाण्यांत तीनमार घेतला. हेतू चांगला. पण रेघेवर बसवलेला तीनमार कवायतीसारखा वाटतो. काचीगुड्याच्या मुलांनी शेवटी एक साधा मार्ग काढला. ड्रम संगणकातलेच ठेवले, पण त्यांवर ओट्यावरचं स्टीलचं पातेलं आणि दोन काठ्या हातानं वाजवून भरल्या, पहिल्यापासून शेवटपर्यंत एका दमात, दुरुस्त न करता. पातेलं काकूंचं. ताल उभा राहिला, कारण त्यात पहिल्यांदा कुणीतरी माणूस होता.

दुरुस्तीची सवय हा या कलेचा आजचा मुख्य रोग आहे, असं मला वाटतं. गायकाचा सूर किंचित उतरला की ट्यूनिंगचं सॉफ्टवेअर, ठोका सरकला की चौकट, कडवं जमलं नाही की पाच टेकमधून एकेक शब्द उचलून जोडायचा. प्रत्येक दुरुस्ती वेगळी पाहिली तर योग्यच असते. पण चाळीस दुरुस्त्यांनंतर उरतो तो आवाज जगातल्या कुठल्याही शहरातल्या कुठल्याही बँडचा असू शकतो. तेच ड्रमचे नमुने, तोच गिटारचा कृत्रिम अँप, तीच रिव्हर्बची सेटिंग. पुण्यातला, इंदूरचा आणि हैदराबादचा अल्बम एकापाठोपाठ लावले तर भाषा सोडता फरक कळत नाही. ही तक्रार मी तंत्रज्ञानाविरुद्ध करत नाही. क्रेटेक्स आणि श्रेयस यांचं २०२४ मधलं 'तांबडी चामडी' नखशिखांत संगणकावरचं आहे. पण मराठी शब्दांचा आघात तालाच्या कुठल्या जागी पडावा, याचा त्यांनी मन लावून विचार केला आहे. तो विचार ऐकू येतो म्हणून गाणं मराठी वाटतं.

दखनी आणि मराठी एकत्र गाणाऱ्या मुलांकडे तर यासाठी मोठं भांडवल आहे. १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता. निजामाच्या काळातल्या डेक्कन रेडिओवर उर्दूबरोबर तेलुगू, मराठी आणि कानडी कार्यक्रम होत. १९५० मध्ये ते केंद्र आकाशवाणीकडे गेलं. काचीगुडा, सुलतान बझारच्या मराठी घरांत आजही 'हौ' आणि 'नक्को' सहज येतं. या बँडच्या एका गाण्यात आजी नातवाला हाक मारते ती मराठीत आणि नातू उत्तर देतो दखनीत. दोन्ही ओळी एकाच मीटरमध्ये बसवताना मुलांनी तीन आठवडे घालवले. हे काम कुठलंही सॉफ्टवेअर करून देत नाही, आणि अल्बममध्ये सर्वांत मौल्यवान तेच आहे.

आणि इथे पंखा पुन्हा येतो. मेच्या दुपारी पंखा बंद करून बंद खोलीत पाच मिनिटांच्या वर कुणाला उभं राहवत नाही. म्हणून दुसऱ्या आठवड्यात मुलांनी नियम केला, एका गाण्याचे एका दुपारी तीनच टेक. त्यात नाही जमलं तर गाणं उद्यावर. नियम उकाड्यामुळे झाला, पण त्याचा परिणाम वेगळाच दिसला. संध्याकाळी गच्चीवर, माइकशिवाय, मुलं तीच गाणी पुन्हा पुन्हा म्हणू लागली. जागा ठरू लागल्या. कोण कुठे थांबतो, कोण कुणाला वाट देतो, हे ठरू लागलं. स्टुडिओबरोबर गेलेलं घड्याळ घरानं परत आणलं होतं. काकूंचा कुकर, मशिदीची अजान, चार वाजता येणारा पाण्याचा टँकर, हे सगळे त्या घड्याळाचे काटे. अजान सुरू झाली की ही मुलं आपणहून थांबतात. त्या वेळात गायक आपली ओळ मनात म्हणून पाहतो.

दिल्लीच्या इंडियन ओशन या बँडनं २०१० मध्ये अल्बमला आपल्या तालमीच्या घराचा पत्ताच नाव म्हणून दिला होता, '१६/३३० खजूर रोड'. करोलबागेतलं जुनं घर, वर्षानुवर्षं तिथे रोज बसणं. त्या अल्बममध्ये बँडचे गायक असीम चक्रवर्ती यांचा आवाज आहे, आणि ते डिसेंबर २००९ मध्ये गेले होते. अल्बममधली सात गाणी बँडनं दरमहा एक अशी फुकट दिली. मला त्या अल्बममध्ये चौघांची एकमेकांना असलेली सवय ऐकू येते. अशी सवय घरातच लागते, पण त्यासाठी घरात रोज बसावं लागतं.

पैसे परत मिळण्याची गोष्ट मात्र कठीण आहे. २०२४ पासून स्पॉटिफायवर एखादं गाणं वर्षभरात हजार वेळा वाजलं नाही तर त्याचे पैसेच मिळत नाहीत. दहा गाण्यांच्या अल्बममधली दोन गाणी चालली आणि आठ नऊशे-नऊशेवर थांबली, तर त्या आठांचे शून्य. अशा हिशेबात अल्बम करणं तोट्याचं आणि एकेक गाणं सोडत राहणं फायद्याचं ठरतं, म्हणून अल्बम हा प्रकारच मागे पडतोय. शिवाय गीतकार-संगीतकार म्हणून आयपीआरएस या हक्कसंस्थेत नाव नोंदवलेलं असलं तर वाजवण्याच्या हक्काचे पैसे येऊ शकतात, हे मला भेटलेल्या दहांपैकी आठ मुलांना माहीत नव्हतं. वाचलेल्या पैशांतले काही मिक्सिंग-मास्टरिंगला, बाहेरच्या एका ताज्या कानाला द्यावेत, असं मी भेटेल त्या बँडला सांगतो. माइक आणखी एक घेण्यापेक्षा ते जास्त उपयोगी पडतं.

आणि गाणं लोकांसमोर आधी वाजवावं. बंजारा हिल्समधलं 'लामकान' हे मोईद हसन यांचं राहतं घर, २०१० मध्ये सर्वांसाठी खुलं झालं. तिथे अंगणात, चहाच्या कपांच्या खणखणाटात गाणं टिकलं तर ते रेकॉर्ड करायच्या लायकीचं आहे, असं समजायला हरकत नाही. ही मुलं अजून तिथे वाजलेली नाहीत. मी त्यांना ते पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

ड्रमचा प्रश्न मात्र घरात सुटत नाही, पातेल्यानं एका गाण्याचं भागलं, दहांचं भागणार नाही. पण या शहरात मराठी मंडळींची सभागृहं आहेत, उंच छताची, जुन्या बांधणीची, कामाच्या दिवशी दुपारी रिकामी. एखाद्या संस्थेनं महिन्यातून दोन दुपारी त्यांची किल्ली मुलांच्या हातात दिली, तर तीन-चार माइकांत ड्रमचं काम होऊ शकतं. गेल्या रविवारी एका कार्यक्रमानंतर मी अशाच एका सभागृहात मागे रेंगाळलो. खुर्च्या उचलून झाल्या होत्या, माणसं निघून गेली होती. मंचाच्या मधोमध उभं राहून मी एकदा टाळी वाजवली. आवाज वर छताला गेला, मागच्या भिंतीपर्यंत पोचला आणि दीडेक सेकंद तिथेच रेंगाळत राहिला. मी फोनवर ती टाळी भरून घेतली आणि ड्रम वाजवणाऱ्या मुलाला पाठवली. दोन मिनिटांत त्याचा उलट प्रश्न आला, "ये जगा किधर है काका?"